बाबांनी भरलेली हवा

मित्रांनो, टायरमधली हवा मोजणारा जो जुना गेज असतो, तो मी. किती जुना, ते विचारू नका. मला हवा मोजता येते, वर्षं येत नाहीत.

माझं तोंड पितळेचं, मान रबराची आणि पोट गोल आहे. पोटात काटा आहे. काचेला एक तडा गेलाय आणि तो नेमका अठ्ठावीसच्या आकड्यावरून जातो. त्यामुळे टायरमध्ये अठ्ठावीस हवा असेल तर माणसाला ती मान वाकडी करून बघावी लागते. मानेच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की टायरमधली हवा फुस्स करून बाहेर जाते. या बटणाला पुष्कळ वर्षं कुणी हातसुद्धा लावला नाही. का, ते आता सांगतो.

माझा जन्म अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यात फरसाण तळत. माझ्या रबराला बरेच दिवस शेवेचा वास येत होता. तिथून मी घाटकोपरला धोंडिरामच्या पंक्चरच्या दुकानात आलो. त्याने मला एका खिळ्याला टांगलं. रिक्षा येई. धोंडिराम विचारी, "किती मारू?" रिक्षावाला म्हणे, "मार फुल्ल." तिथेच माझं काम संपे, कारण फुल्ल हा आकडा माझ्या पोटावर नाही.

दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अनंत परब. हे विम्याच्या ऑफिसात होते, आता निवृत्त आहेत. गणपतीला मालवणला निघायच्या आदल्या दिवशी ते आपली करडी गाडी घेऊन येत. फुल्ल हवा भरून घेत, प्रत्येक टायरला एकेक लाथ मारत आणि म्हणत, "टायर कसा दगडासारखा हवा." मग चारही चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेत. लिंबू नीट फुटलं तर हवा बरोबर. मी खिळ्यावरून बघत असे. मोजमापाची ही पद्धत मला येत नव्हती.

पुढे दुकानाच्या जागी मेट्रोचा खांब आला. खांबाला हवा लागत नाही. धोंडिरामने गावी जाताना मला अनंतरावांच्या हातात दिलं, "ठेवा, साहेब. आठवण." अनंतरावांनी डोळे पुसले आणि मला घरी नेऊन खणात टाकलं. त्या खणात एक बंद पडलेला रिमोट होता, नळाचे वायसर होते, परकराच्या नाड्या होत्या. वर सुगंधाबाईंचा, म्हणजे अनंतरावांच्या बायकोचा, कमरेचा पट्टा. त्यांची कंबर कायमची दुखत असे. पट्टा कमरेला नसेल तेव्हा माझ्या डोक्यावर असे. मित्रांनो, खणातल्या वस्तूला आयुष्य असतं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

मला तिथून काढलं ते त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने.

श्रुतिका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. तिने एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन सीटची, पिवळी, जमिनीला लागलेली. तिला रस्त्यावर पळवायची हौस नव्हती. ती घाटापलीकडच्या एका ट्रॅकवर जाई, गोल गोल फिरून जिथून निघाली तिथेच परत येई आणि खूश होई. सुगंधाबाई म्हणत, "एवढा पेट्रोल जाळून हलली खय? हयच तर आसा!"

अडचण एकच होती, पार्किंग. सोसायटीत परबांना एकच जागा, आणि तिथे करडी गाडी. पिवळी मुलुंडला मुकुलच्या बिल्डिंगखाली राही. मुकुल श्रुतिकाचा कॉलेजपासूनचा मित्र. पण त्याच्या सोसायटीने नोटीस दिली, की पाहुण्यांच्या जागेत गाडी कायमची पाहुणी राहू शकत नाही. मग बापलेकीत करार झाला. ट्रॅकवरच्या पुढच्या दिवशी श्रुतिकाने एक फेरी दोन मिनिटांच्या आत मारली, तर तिला ट्रॅकवाल्यांकडून शर्यतीत उतरायची परवानगी मिळणार होती. मिळाली तर जागा पिवळीला आणि करडी रस्त्यावर. नाही मिळाली तर पिवळी विकायची. बोरिवलीचा एक माणूस दोनदा बघूनही गेला होता.

"नक्की ना, बाबा? मागाहून फिरायचं नाही."

"परब शब्द देतो तेव्हा परब शब्द देतो," अनंतराव म्हणाले. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

श्रुतिका खणात वायसर शोधत होती, तिच्या हाती मी लागलो. मुकुल हसला. "हे काय, म्युझियममधून? माझा बघ. डिजिटल. दशांश चिन्हासकट सांगतो."

दोघांना एकाच टायरला लावलं. तो म्हणाला तीस, मी म्हणालो बत्तीस.

"म्हातारा थापा मारतोय," मुकुल म्हणाला.

"मारू दे. रोज तेवढ्याच मारतो ना? तुझा काल याच टायरला सत्तावीस म्हणाला होता."

अशी माझी निवड झाली. थापा रोज सारख्याच मारल्या की त्याला विश्वास म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

आता थोडं शिक्षण. टायर ट्रॅकवर पळाला की तापतो. तापला की आतली हवा फुगते आणि आकडा चढतो. म्हणून निघताना, टायर गार असताना, हवा मुद्दाम कमी ठेवायची. गरम झाल्यावर ती बरोबर व्हायला हवी. बरोबर म्हणजे किती? ते कुणी सांगत नाही, शोधावं लागतं. हवा फार कमी असेल तर वळणावर टायर कडेवर लोळतो. फार जास्त असेल तर टायर मध्येच फुगून उभा राहतो आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी जाते. श्रुतिका टायरच्या कडेला खडूने रेघा ओढी, फेऱ्या मारी, परत येई आणि रेघा कुठपर्यंत पुसल्या ते बघे. मग गरम टायरला मला लावी, बटण दाबी, थोडी हवा सोडी, पुन्हा जाई.

होय, तेच बटण. पहिल्यांदा दाबलं तेव्हा आतून शेवेचा वास आला.

ठरलेल्या दिवशी सगळे निघाले. पिवळीत श्रुतिका आणि मुकुल, मागे करडीत अनंतराव आणि सुगंधाबाई. सुगंधाबाई ट्रॅकवर उतरल्या त्या कंबर धरूनच. "गाडी हा की पाटो हा? प्रत्येक खड्डो मोजलंय मी."

अनंतरावांनी ट्रॅकवर नजर टाकली, टायरवरच्या रेघांवर टाकली आणि म्हणाले, "टायरवर काय पाढे लिहितेस?"

"बाबा, तुम्ही फक्त बघा. प्लीज."

"बघतोच आहे. बघायलाच आलोय."

सकाळभर श्रुतिकाने आकडा शोधला. एकदा सदतीस निघाला, गाडी पळाली पण वळली नाही. एकदा एकोणतीस, टायर कडेवर लोळला आणि खडू पार खालपर्यंत पुसला गेला. शेवटी गरम टायर बत्तीसवर आणून ठेवला, तेव्हा खडू नेमका कडेपर्यंत पुसला गेला. मुकुलने घड्याळ बघितलं. फेरी दोन मिनिटांच्या अगदी थोडी वर गेली होती.

"झकास," मुकुल म्हणाला. "बत्तीस. आता हात लावू नकोस कशाला. जेवून येऊ, शेवटच्या खेपेत होतंय बघ."

सुगंधाबाईंनी सावलीत चटई टाकली. कोंबडी-वडे होते. श्रुतिका आणि मुकुल वड्यांवर तुटून पडले. अनंतराव लवकर उठले आणि हात धुऊन पिवळीकडे आले. त्यांनी सवयीने टायरला लाथ मारली. टायर दगडासारखा नव्हता. त्यांनी मला सीटवरून उचललं आणि टायरला लावलं.

मित्रांनो, टायर तोवर गार झाला होता. गार झाला की आकडा उतरतो. मी सांगितलं, सव्वीस.

हे खरं होतं. पण मी फक्त किती ते सांगतो. का, ते सांगायला माझ्या पोटात जागा नाही.

अनंतरावांचा चेहरा पांढरा पडला. "देवा रे! सकाळी बत्तीस म्हणाली आणि आता सव्वीस. चारही चाकांना गळती!" त्यांनी चटईकडे बघितलं. मुलगी तिसरा वडा खात होती. जेवणावरून पोराला उठवायचं नाही, हा परबांकडे नियम आहे. त्यांनी करडीच्या डिकीतून हवा भरायचं मशीन आणलं, जे ते कोकणात जाताना बरोबर ठेवतात. चारही टायरांत हवा भरली. लाथ मारली. समाधान झालं. मला होतो तिथे ठेवून ते चटईवर आले आणि आणखी एक वडा घेतला. कुणाला काही सांगितलं नाही, कारण चांगलं काम करून बोलून दाखवायचं नसतं.

ट्रॅकवर गाड्या सोडायची शेवटची खेप सुरू झाली. श्रुतिका निघाली. दुसऱ्याच फेरीत पिवळीची शेपटी निसटली, गाडी आडवी होता होता वाचली आणि हळू हळू परत आली.

"गाडी धरतच नाहीये! मागून सुटतेय!" श्रुतिका हेल्मेटमधूनच ओरडली.

मुकुलने मला टायरला लावलं. मी सांगितलं, त्रेचाळीस.

"काय यार! त्रेचाळीस? वाट लागली." मुकुलने मला हलवून बघितलं. मी पुन्हा त्रेचाळीस सांगितलं. "हवा काय झाडावरून पडली? की आपण बत्तीस चुकीचं बघितलं? ऊन पण वाढलंय म्हणा. उन्हानेच झालं असणार."

मित्रांनो, इथे जरा थांबू. खेप संपायला फार वेळ नव्हता. अनंतराव दोन हात अंतरावर उभे होते. मुकुलने ऊन हे कारण स्वतःच शोधून दिलं होतं आणि ते सर्वांना पटण्यासारखं होतं. गप्प राहिलं असतं तर पार्किंगची जागा आयुष्यभर करडीची होती. काम फक्त गप्प राहण्याचं होतं, आणि विम्याच्या ऑफिसात ते त्यांनी खूप वर्षं केलं होतं.

अनंतरावांनी शाळेत वर करतात तसा हात वर केला.

"मी भरली."

"काय?"

"हवा. सव्वीस दाखवत होतं गो. त्या टायरांवर तू बसून जाणार होतीस. मला राहवलं नाही."

श्रुतिकाने हेल्मेटची काच वर केली. मला वाटलं, आता फुटणार. मी बऱ्याच गोष्टी फुटताना पाहिल्यात, मला अंदाज येतो. पण ती फक्त म्हणाली, "किती भरलीत?"

"फुल्ल."

"बाबा, विचारायचं ना एकदा. गार टायर कमीच असतो."

"विचारायचं सुचलं नाही. काळजी वाटली की काय कोण विचारीत बसतो?"

सुगंधाबाई लांबून म्हणाल्या, "माझ्याशी लग्न करतानापण इचारला नाय होता."

"मुकुल, तू त्या बाजूची सोड, अंदाजे सोड," श्रुतिका म्हणाली. "बाबा, हे बटण. बत्तीसवर आणा. मग त्याच्या बाजूची पण तुम्हीच मोजा, भरवशाचा गेज एकच आहे."

अनंतराव गुडघ्यावर बसले. आयुष्यात त्यांनी टायरमधली हवा कधी सोडली नव्हती, फक्त भरली होती. त्यांनी बटण दाबलं. फुस्स झालं. त्यांनी डोळे मिटले, जणू घरातलं कुणी गावाला चाललंय. काटा उतरत गेला. चौतीसवर ते थांबले.

"दोन राहू दे ना. वाटेत लागले तर?"

"बाबा!"

त्यांनी दोन सोडले. मग पुढचा टायर, मग पलीकडचे दोन. शेवटच्या टायरला तर त्यांनी मान वाकडी करून, तडा चुकवून, काटा पुन्हा एकदा तपासला. तडा बत्तीसवर नाही, तरीसुद्धा. "गेली हवा. जा आता."

श्रुतिका गेली. एक फेरी टायर पुन्हा तापायला गेली. दुसऱ्या फेरीत लांबून पिवळी वळणावर दिसली, तेव्हा अनंतरावांनी मला इतकं घट्ट धरलं की माझी मान दुखायला लागली. पिवळी समोरून गेली. मुकुल घड्याळाकडे बघत राहिला, मग उडी मारून ओरडला, "आत! दोनच्या आत! काका, झालं!"

अनंतरावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी हातातच असल्यामुळे मला त्या लागल्या. मधेच ते थांबले. पार्किंग आठवलं असावं. मग पुन्हा वाजवायला लागले, जरा जास्तच जोरात.

निघायची वेळ झाली तोवर टायर पुन्हा गार झाले होते. श्रुतिकाने मला वडिलांच्या हातात दिलं. "बाबा, आता घाट उतरायचाय. रस्त्यावर एवढी कमी हवा चालत नाही. आता भरा."

अनंतरावांनी मशीन आणलं, नळी लावली आणि थांबले. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, जो धोंडिरामच्या दुकानात इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"किती?"

आता पिवळी सोसायटीत उभी असते आणि करडी गेटबाहेर. पहिल्या रविवारी श्रुतिका खाली आली आणि करडीच्या शेजारी उभी राहिली. "बाबा, हिची मोजू?"

"विचारलंस ना? मोज."

मी सांगितलं, एकावन्न. श्रुतिकाने पुष्कळ वेळ बटण दाबून ठेवलं. अनंतरावांनी तोंड फिरवलं, पण नाही म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी दोघं नवरा-बायको करडीतून सुगंधाबाईंच्या बहिणीकडे चेंबूरला जाऊन आली. परत आल्यावर सुगंधाबाई गाडीतून उतरल्या आणि कंबर न धरता सरळ उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "इतकी वर्सां डॉक्टर बदलले. आणि दुखणा टायरात होता?"

अनंतराव लिंबं आणायला गेले.

तर मित्रांनो, काळजी जरूर करा. पण समोरच्याला आधी विचारा, किती हवी. एवढंच माझं सांगणं आहे. आणि एक विनंती. मी पुन्हा खणात आहे, शनिवारी बाहेर निघतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कमरेचा पट्टा अजून माझ्या डोक्यावर आहे. तो आता कुणाला लागत नाही. तेवढा कुणीतरी उचला.