हनुवटीचा इशारा

नव्या सरांचा उजवा हात वर गेला, खाली आला, आणि समोर उभ्या असलेल्या सोळा जणांपैकी एकाच्याही तोंडातून आवाज फुटला नाही. सर गोंधळले. चष्मा सारखा करत "परत घेऊ" म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात उचलला. त्यांच्या पाठीमागे, तिसऱ्या बाकावर, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या बाईंची हनुवटी नकळत बोटभर वर गेली आणि अख्खं गायनमंडळ एका श्वासात गायला लागलं.

सर खूश झाले. बाईंच्या मात्र काळजात धस्स झालं.

बाईंचं चर्चच्याच गल्लीत शिवणकामाचं दुकान. दीड वर्षापूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, गायनमंडळही सांभाळणाऱ्या काकांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पाळकसाहेब दुकानात येऊन म्हणाले होते, "फक्त सहा आठवडे सांभाळा." बाईंना ऑर्गन वाजवता येत होता आणि नाही म्हणता येत नव्हतं. सहा आठवड्यांचे अठरा महिने झाले. तेवढ्या काळात त्यांनी बेसुरांना सुरात आणलं, रुसलेल्यांना समजावलं, आणि उशिरा येणाऱ्यांकडे असं काही पाहिलं की मंडळी घड्याळाच्या आधी हजर राहू लागली. आपण हे काम झकास केलं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. उगाच विनय दाखवायचा त्यांचा स्वभावही नव्हता.

एकच घोटाळा झाला होता. ऑर्गन वाजवताना दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर. मग इशारा द्यायला उरली काय, तर हनुवटी. ती वर गेली की गायचं, खाली आली की थांबायचं. मंडळ याला इतकं सरावलं की हाताकडे बघायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि उद्याच्या उपासनेत पहिलं गीत ऑर्गनशिवाय, निव्वळ सरांच्या हातावर सुरू व्हायचं होतं.

सराव संपल्यावर सुतारभाऊ जवळ आले. मंडळातला सगळ्यात जाड आवाज त्यांचा. "बाई, उद्या पुढच्याच बाकावर बसा हां. तुम्ही दिसलात की धीर येतो."

"मी तर म्हणते, वहिनी, तू सोडूच नकोस," नणंदेने री ओढली. तीही मंडळात होती. "सर हात हलवतील, तू मान हलव."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसत म्हणाले, "काय हरकत आहे? दोघं मिळून बघा की."

ऐकून बाईंना गोड वाटलं. दुकानात एवढ्या वर्षांत कुणी 'तुम्ही जाऊ नका' म्हटलं नव्हतं; तिथे लोक 'कधी देता' एवढंच विचारतात. पण त्यांना हेही कळत होतं की उद्या आपण दिसलो, तर दर रविवारी दिसावं लागेल. सर नुसते हात हलवत राहतील आणि चार महिन्यांत कंटाळून निघून जातील. दीड वर्ष शोधून मिळालेला माणूस होता तो.

सगळे गेल्यावर त्यांनी गीतांच्या पुस्तकांच्या कपाटाच्या किल्ल्या सरांच्या हातावर ठेवल्या. "सुतारभाऊंचं तोंडावर कौतुक करू नका, ते बेसूर होतात. माझ्या नणंदेचं केलं नाहीत, तर ती होते."

सर हसले.

"आणि सर, मघाशी ते तुमच्या हातावर नाही गायले. माझ्या हनुवटीवर गायले. चूक माझी आहे."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग उद्या?"

"उद्या मी त्यांना दिसणार नाही. तुम्ही हात वर केलात की घाबरून खाली घेऊ नका. थांबा. ते येतील."

"नाही आले तर? सगळ्यांसमोर..."

"येतील," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंय त्यांना."

रविवारी बाई शेवटच्या बाकावर कडेला बसल्या. तरी नणंदेने त्यांना हेरलंच. तिने कोपराने शेजारणीला खुणावलं, आणि बघता बघता सोळा जणांच्या नजरा सरांच्या खांद्यावरून शेवटच्या बाकाकडे गेल्या. सरांचा हात वर गेला.

बाई चटकन खाली वाकल्या आणि चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावू लागल्या.

शांतता पसरली. कुणीतरी खोकलं. एक, दोन, तीन. बाईंची मान वर उठायला धडपडत होती आणि त्या पट्टा घट्ट धरून बसल्या होत्या. चार. हात खाली घेऊ नका सर, त्या मनातल्या मनात म्हणाल्या. पाच.

"बरं वाटत नाही का हो?" शेजारच्या आजींनी वाकून विचारलं.

तेवढ्यात सुतारभाऊंचा आवाज लागला. एकटाच, थोडा कापरा, पण सुरात. त्याला धरून नणंदेचा, आणि मग सगळ्यांचा.

"छान वाटतंय, आजी," बाई म्हणाल्या. तरीही पहिलं कडवं संपेपर्यंत त्या वाकलेल्याच राहिल्या.

मग सरळ बसून त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं. समोर सगळ्यांच्या नजरा सरांच्या हातावर होत्या. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाईंची हनुवटी सवयीने वर गेली. सोळा जणांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. मग त्याही सगळ्यांबरोबर गायला लागल्या, अर्धी मात्रा उशिरा.