फक्त कुटुंबासाठी

वेगळं व्हायचं हे त्यांनी एका रविवारी दुपारी, उष्टी ताटं अजून समोर असतानाच ठरवलं. आरडाओरडा झाला नाही, की आदळआपट. ती म्हणाली, "मला आता नाही जमत." नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मलाही." झालं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटून घ्यायलाही फारसं काही नव्हतं. लोखंडी कपाट तिच्या आईने दिलेलं, ते तिचं. टीव्ही त्याचा. पलंग कुणालाच नको होता. ताटं कुणी घासायची यावर मात्र दोघं क्षणभर अडले, आणि मग नेहमीप्रमाणे तीच उठली.

नवरा वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, हात उगारणं तर नाहीच. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. संध्याकाळी ग्रीसने काळे झालेले हात घासत नळाशी उभा राहायचा आणि मग गप्प बसायचा. तिची धाकटी बहीण म्हणायची, "ताई, लोकांना असा नवरा मिळत नाही, आणि तू सोडायला निघालीस!" यावर तिला धड काही सांगता यायचं नाही. सांगायचं झालं असतं तर आईचं सांगावं लागलं असतं.

आई शेवटच्या आजारपणात भावाकडे होती. भावाने तिची खाट जिन्याखालच्या बोळकांडीत टाकली होती. वरून माणसं ये-जा करायची आणि आईच्या तोंडावर धूळ पडायची. ते बघून आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आईला इकडे आणू या." तो म्हणाला, "कुठे ठेवणार? छताला टांगणार?" त्याने ते चेष्टेत म्हटलं होतं, आणि खोटंही नव्हतं. खोली एवढीशी, की दार पूर्ण उघडायचं तर आधी खुर्ची सरकवावी लागे. पण आई गेली ती त्या जिन्याखालीच. तेव्हापासून नवरा काहीही बोलला, अगदी 'मीठ दे' म्हणाला, तरी तिला ते छताचं वाक्यच ऐकू यायचं. त्यालाही ते कळलं होतं. मग त्याने बोलणंच कमी केलं.

ठरलं असं की त्याने जायचं आणि तिने राहायचं. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. पहाटेची पाळी, बस सुरू व्हायच्या आत कामावर हजर, म्हणून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच राहणं भाग होतं. लिफ्ट काय, शहरभर आहेत. तो कुठेही राहू शकत होता.

फक्त ही गोष्ट घरमालकिणीच्या कानावर जाता कामा नये होती.

घरमालकीण तळमजल्यावर राहायची. भाडेकरूंनी तिचं नाव 'कमिटी' पाडलं होतं. पाणी कधी सोडायचं, जिन्यात सायकल लावू द्यायची की नाही, गच्चीची कुलपं कधी काढायची, सगळं ती एकटीच ठरवायची आणि सांगताना म्हणायची, "आम्ही असं ठरवलंय." हे 'आम्ही' कोण, ते तीन मजल्यांच्या त्या चाळवजा इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. फाटकावर तिने पाटी लावली होती : 'खोली भाड्याने मिळेल. फक्त कुटुंबासाठी.' खोली रिकामी नसली तरी पाटी लटकलेलीच असायची, भाडेकरूंनी भानावर राहावं म्हणून. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीचा नवरा तिला टाकून गेला, तर महिनाअखेरीला कमिटी वर गेली आणि म्हणाली, "तुझ्याबद्दल आम्हाला वाईटच वाटतं गं. पण आता तुझं कुटुंब राहिलं नाही ना!" शिंपीण गेली. शिंपिणीचं मशीन जिन्यावरून उतरवायला या दोघा नवरा-बायकोनेच हात दिला होता.

तर नवऱ्याने खोली शोधायला सुरुवात केली. या वस्तीतल्या खोल्या ज्याच्या हातात, तो दलाल कमरेला चाव्यांचा जुडगा लावून फिरायचा. त्याला सगळे चावीवाला म्हणत. एकेकाळी ही वस्ती म्हणजे शहराने टाकून दिल्यासारखी होती. मागे टायरचे ढीग, पुढे नाला. पण पलीकडे नवा रस्ता झाला आणि शिकलेली, ऑफिसात जाणारी माणसंही इथे 'परवडतं' म्हणून चौकशी करू लागली. ज्यांना आधीपासूनच एवढंच परवडत होतं, त्यांनी कुठे जायचं हे कुणी बोलत नव्हतं.

तो संध्याकाळी खोल्या बघून यायचा. ती विचारायची नाही, पण चहा ठेवून तिथेच घुटमळायची. मग तोच सांगायचा, भिंतीकडे बघत. एका ठिकाणी खोली नव्हतीच, खाट होती, तीही दिवसापुरती. रात्री तिच्यावर दुसरा माणूस झोपायचा. एका ठिकाणी खिडकी होती, ती शेजारच्याच्या न्हाणीघरात उघडायची. एक खोली बरी होती, पण लिफ्टच्या मशीनखोलीला चिकटून. मशीनचा आवाज ऐकून तो मालकाला म्हणाला, "बेअरिंग गेलंय तुमचं. माणसं बसवू नका त्यात." मालक भडकला. "खोली बघायला आलास की खोट काढायला?"

ती हसली. खूप दिवसांनी हसली. तोही हसणार होता, पण त्याने कप उचलला.

वेगळं व्हायचं ठरल्यापासून एक वेगळीच पंचाईत झाली होती. त्याला हाक काय मारायची? इतकी वर्षं 'अहो' म्हटलं होतं. आता ते तोंडात यायचं नाही, आणि नावाने बोलवायची सवय नव्हती. मग ती हवेत बोलायची, "चहा झालाय", "किल्ली खिडकीत आहे", "नळ गळतोय".

शेवटी चावीवाल्याने स्पष्टच सांगितलं. "दादा, एकट्या पुरुषाला या वस्तीत कुत्रं विचारणार नाही. लग्न झालंय ना? मग बायको दाखवा, खोली घ्या. नंतर ती माहेरी गेली म्हणून सांगा. कोण बघतंय?"

नवऱ्याने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ती धुलाईखात्याचे कपडे बदलत कपाटामागे उभी होती. तिथूनच म्हणाली, "येते मी. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

अशी ती नवऱ्याला तिच्यापासून लांब राहायला जागा मिळावी म्हणून त्याची बायको बनून गेली.

मालक शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर होते. पांढरी मिशी, बोटांवर अजून रंगाचे डाग. स्वतः खाली राहायचे, वरची खोली द्यायची होती. त्यांनी दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. खोली उजेडाने भरलेली होती. स्वयंपाकाला वेगळा कोपरा, ओट्यावर खिडकी, खिडकीतून शाळेचं रिकामं मैदान. दार भिंतीपर्यंत सताड उघडत होतं.

"वहिनी, पाणी दोन्ही वेळ येतं," मास्तर म्हणाले. "भिंती मात्र सांभाळा. मी स्वतः रंगवल्यात."

तिने मान डोलावली. आणि मग, का ते तिलाच कळलं नाही, ती भिंतीला लागून वितीने माप घेऊ लागली. इथून इथपर्यंत. पलंग इकडे सरकवला तर इथे आणखी एक खाट सहज मावेल. आई इथे मावली असती. ती वळली तर नवरा तिच्याकडेच बघत होता. त्याने मैदानाकडे तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाला, "तुझं कपाटही बसेल इथे."

चावीवाला जुडगा खुळखुळवत म्हणाला, "वहिनींना पसंत पडली, म्हणजे झालंच!"

परतताना दोघं रस्त्याने बरोबरीने चालत होते. एरवी तो चार पावलं पुढे असायचा. कोपऱ्यावर खड्डा आला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. खड्डा ओलांडल्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये चादरी सरकवताना तिच्या मनात सारखी तीच खोली होती. समोरून चादरीची टोकं धरणारी मैत्रीण म्हणाली, "आज काय गं, लक्ष नाही तुझं? टोक जळेल." ती म्हणाली, "काही नाही." पण मनात ती पडदा लावून बसली होती, फिकट निळा.

संध्याकाळी कमिटीने दोघांना खाली बोलावलं.

कमिटी खुर्चीत बसली होती. दोघांना उभंच ठेवलं.

"जाताय म्हणे?"

"कोण म्हणालं, काकू?" तिने विचारलं.

"मास्तरांचा फोन आला होता. आधीच्या मालकाला विचारल्याशिवाय ते खोली देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. विचारत होते, माणसं कशी आहेत. आम्ही खरं तेच सांगितलं. भाडं वेळेवर देतात. भांडत नाहीत." कमिटीने पदर सारखा केला. "बोलतही नाहीत, म्हटलं. महिने झाले, जिन्यावर एक मागे, एक पुढे. रविवारी वरून नुसता टीव्हीचा आवाज. ते म्हणाले, मग नकोच. माझ्या छपराखाली उद्या काही भलतंसलतं झालं तर?"

मैदान, उजेड, ती खिडकी, सगळं एका क्षणात गेलं. पण त्याचं दुःख करायलाही वेळ नव्हता, कारण कमिटी पुढे बोलत होती.

"तुम्ही जाणारच आहात, तर आम्ही ठरवलंय की खोली दुसऱ्यांना द्यायची. बँकेतलं जोडपं आहे. नवीन लग्न झालंय. तुमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार आहेत."

नवरा म्हणाला, "काकू, खरं सांगायचं तर आम्ही..."

तिला कळलं की तो आता खरं सांगून टाकणार. त्याचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पाण्याचा ग्लास खाली ठेवल्यानंतरचा. शिंपिणीचं मशीन तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"अहो!" ती म्हणाली, आणि हसली. "तुम्ही गप्प बसा बघू. यांचं हे असंच, काकू! जरा मोठी जागा बघू या म्हणून माझ्याच डोक्यात आलं होतं. बघायला गेलो, परत आलो. इथून कुठे जातोय आम्ही? आणि बोलत नाही म्हणाल तर मी पहाटे जाते, हे दमून येतात. बोलायला त्राण कुणात उरतं?"

कमिटी नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने क्षणभर जमिनीकडे पाहिलं. मग त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. जड होता. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही, काकू," तो म्हणाला.

कमिटी थोडी सैलावली. पण हाती आलेलं सोडणारी बाई नव्हती ती. भाडं वाढलं. करार मोठ्या मुदतीचा झाला, आणि त्यावर दोघांची सही हवी असं ठरलं. "आणि एक," ती म्हणाली, "दोघांपैकी एक जण जरी सोडून गेला, तरी खोली दुसऱ्यानेही सोडायची. शिंपिणीच्या वेळी आम्हाला फार मनस्ताप झाला." तसं लिहून घेतलं. आधी त्याने सही केली, मग तिने.

जिना चढताना ती पुढे होती. पहिल्या वळणावर तो मागून म्हणाला, "चांगलं केलंस नाटक."

"तुम्हीही," ती म्हणाली. पण खांद्यावरचा तो हात खोटा होता की खरा, हे तिने विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. मास्तरांच्या खोलीत जे काही उगवू पाहत होतं, ते खाली कमिटीपुढे दोघांनी मिळून खोटं म्हणून वापरून टाकलं होतं. आता पुन्हा खरं म्हणून ते कुणाच्या तोंडून येणार होतं?

तिने धाकट्या बहिणीला फोन केला. "ताई, ये की गं, तुझंच घर आहे," बहीण म्हणाली आणि थोडं थांबली. "फक्त सासूबाई पुढच्या खोलीत झोपतात, आणि मुलं मधल्या..." ती म्हणाली, "अगं, सहज विचारलं." मग इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. चावीवाल्याने फोन घेणंच बंद केलं. या जोडप्याचं काही खरं नाही, हे मास्तरांकडून वस्तीभर झालं होतं.

पुढच्या रविवारी नवऱ्याने पलंग विकून टाकला आणि कपाट ओढून खोलीच्या मधोमध उभं केलं. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, नाहीतर त्याने फळी ठोकली असती. कपाटाच्या पलीकडे तिची खाट आली, खिडकीशी. अलीकडे दाराशी त्याची. शेगडी आणि मोरी त्याच्या बाजूला राहिली, त्याला इलाज नव्हता. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून जाता येईल एवढी फट ठेवली.

हळूहळू तेही अंगवळणी पडलं. ती कामावर निघाली की फटीशी उभी राहून विचारायची, "येऊ का?" तो अलीकडून म्हणायचा, "ये." संध्याकाळी तो आला की ती पलीकडे असायची, आणि खिडकी उघडायला, टीव्हीची वायर घ्यायला तो विचारायचा, "येऊ का?" ती म्हणायची, "या." दिवसाकाठी एवढंच बोलणं. आठवड्यातून एकदा जिन्यावरून बरोबर उतरायचं, मोठ्याने काहीतरी बोलत, म्हणजे कमिटीच्या कानावर जाईल. कमिटी फाटकाशी भेटली की म्हणायची, "बघा, आता कसं छान चाललंय!"

एका पहाटे ती डबा घेऊन फटीशी आली. "येऊ का?" त्याच्या बाजूने उत्तर आलं नाही. तिला वाटलं झोपला असेल. तिने वाकून पाहिलं. तो जागा होता. खाटेच्या कडेवर बसून, गुडघ्यांवर हात टाकून दाराकडे बघत होता. दाढी वाढलेली. बुटांची एक नाडी बांधलेली, दुसरी तशीच, जणू निघता निघता करारातलं ते वाक्य आठवलं होतं.

"येऊ का?" तिने पुन्हा विचारलं.

त्याची नजर दारावरून हलली नाही. तिला उशीर होत होता. तरीही ती डबा छातीशी धरून तशीच उभी राहिली, मग कपाटाला पाठ घासत, अंग चोरून, त्याच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही अशी पुढे सरकली. खुर्ची बाजूला केली, दार उघडलं, आणि खाली उतरली.