आमेननंतरही न गुंडाळलेली सतरंजी

मित्रांनो, अकोल्यातल्या एका गच्चीवर, दोरीवर ऊन खात असलेली ही निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी दिसली का? तीच मी. आता जुनी झाले आहे. एका कडेला चहाचा डाग आहे, तो पाहून नाक मुरडू नका. त्याची गोष्ट मी सांगणारच आहे.

माझा कापूस तेल्हाऱ्याच्या काळ्या रानातला. एका हातमागावर मी विणली गेले, आणि तेल्हाऱ्याच्याच सुभद्राबाईंनी मला आपल्या मुलीच्या लग्नात दिले. बाकी आहेर बेताचाच होता. कोणीतरी कुजबुजले तेव्हा त्या ठसक्यात म्हणाल्या, "गादी नसली तं चालते. ख्रिस्ताचं घर हाय, प्रार्थनेले बसाले सतरंजी पायजे." तेव्हापासून मला माझा थोडा गर्वच आहे.

सुभद्राबाईंची ती मुलगी म्हणजे सत्यवतीबाई. त्यांचे पती देवीदास अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. रोज दिवेलागणीला मी बैठकीत अंथरली जाई. एक गीत, थोडे वाचन, मग सगळे गुडघ्यांवर. मी माणसांना चेहऱ्यापेक्षा गुडघ्यांवरूनच जास्त ओळखते. देवीदासांचे गुडघे आमेनची वाट पाहत चुळबुळत. सत्यवतीबाईंचे मात्र हलत नसत.

मग प्रतीक्षा जन्मली. ती माझ्यावर रांगली, माझ्यावर पालथी पडली, आणि आईची प्रार्थना लांबली की माझ्यावरच झोपली. सत्यवतीबाईंना चांगली आई व्हायचे होते, नुसती चांगली नव्हे, देवाने शाबासकी द्यावी अशी. लेकरू ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, असे त्या म्हणत. पोळ्या लाटता लाटता त्यांनी मुलीकडून बायबलमधली वचने पाठ करून घेतली. नाताळचा झगा स्वतः शिवला. ताप आला की तिच्या उशाशी बसून राहिल्या. त्यांच्या कष्टांची मी साक्षीदार आहे आणि त्यांना कोणी नावे ठेवलेली मला खपत नाही.

पण मला सगळ्यात आवडे ती वेळ आमेननंतरची. देवीदास लगेच मला गुंडाळायला वाकत. सत्यवतीबाई म्हणत, "राहू द्या थोडा वेळ." मायलेकी माझ्यावर बसून राहत, आणि प्रतीक्षा आईच्या मांडीवर डोके ठेवून दिवसभराचे सगळे सांगे. शाळेत कोण रुसले, कोणी खोडरबर पळवले, कशाची भीती वाटली. मुलगी मोठी झाली, गोष्टी मोठ्या झाल्या, पण बसणे सुटले नाही. मी किती सुखात होते म्हणून सांगू!

बारावीच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी प्रतीक्षाने आईला एक गोष्ट सांगितली. त्या वयाच्या मुलीच्या मनात असते तशी, नाजूक. सांगताना तिने माझ्या दशा बोटांना गुंडाळून पार पिळून काढल्या होत्या. शेवटी म्हणाली, "आई, हे फक्त तुले सांगतलं."

दर बुधवारी आमच्याकडे चर्चच्या स्त्री मंडळाची प्रार्थनासभा भरे. गीते झाली की मंडळाच्या प्रमुख जाईबाई विचारत, "बोला बायांनो, कोनाचे प्रार्थनेचे विषय हायेत?" मग कोणी नवऱ्याच्या दम्याचे सांगे, कोणी मुलाच्या नोकरीचे. त्या बुधवारी सत्यवतीबाईंचे डोळे भरून आले. "माह्या प्रतीक्षासाठी प्रार्थना करा," असे म्हणून त्यांनी मुलीची ती गोष्ट सगळ्यांपुढे सांगून टाकली. मनात काळजीच होती, दुसरे काही नव्हते. देवापुढे सांगायचे तर मंडळीपुढे सांगायला काय हरकत, अशी त्यांची समजूत होती.

स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आलेली प्रतीक्षा दारात उभी होती. ट्रे कलला. कपातला चहा माझ्या कडेवर सांडला. तो हा डाग.

त्या रविवारी चर्चमधून प्रतीक्षा एकटीच आधी घरी आली. मागून आई येताच ती म्हणाली, "जाईबाईनं सगळ्याइसमोर माह्या डोक्यावर हात फिरवला. म्हने, आमी प्रार्थना करून राहिलो बरं तुह्यासाठी. आई, तू कावून सांगतलं?"

"अवं, प्रार्थनेसाठीच सांगतलं नं! चुगली थोडीच केली?"

प्रतीक्षाने पुढे काही विचारले नाही, आणि तेच वाईट झाले. त्या दिवसापासून ती माझ्यावर बसेना. प्रार्थनेच्या वेळी दाराशी उभी राही, आमेन म्हणे आणि आत जाई. आमेननंतर सत्यवतीबाई एकट्याच बसून राहत. देवीदास वाकत, थबकत आणि मला तसेच सोडून जात. पुढे प्रतीक्षा शिकायला अमरावतीला गेली. फोनवर बोले ते "हो", "जेवली", "बरी हाय" एवढेच. आई मात्र रोज देवाला विनवी, "प्रभू, माह्या पोरीचं मन वळव." ते मन काही वळेना. माझ्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी बहुतेक दिवस कपाटामागे उभी असे. कपाटामागे किती धूळ असते, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या मे महिन्यात मातृदिनाच्या रविवारी चर्चमध्ये एका आदर्श मातेचा सत्कार व्हायचा होता. मंडळाने नाव निवडले सत्यवतीबाईंचे. शाल मिळणार होती आणि साक्ष द्यायची होती, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सगळ्यांपुढे सांगायचे होते. निरोप आला त्या दुपारी त्यांनी मला कपाटामागून काढले, झटकले, अंथरले आणि गुडघे टेकले. मग त्या हळूच बोलल्या.

"प्रभू, मी तुले काय काय नाई सांगतलं. तू कोनापाशी एक शब्द बोलला नाई. अन् माह्या पोरीनं मले एक गोष्ट सांगतली, तं माह्या पोटात राहिली नाई."

पुढे त्या खूप रडल्या. मी कापसाची आहे, मला रडणे टिपता येते.

प्रतीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच होती. संध्याकाळी आमेननंतर ती वळली, तशी आईने हाक मारली. "बाई, थांब. मी चुकली. प्रार्थनेचं नाव केलं, पन तुही गोष्ट माही नव्हती. मले माफ कर."

प्रतीक्षा दाराला टेकून उभी राहिली.

"रविवारी मले साक्ष द्याची हाय. माही चूक सांगीन म्हंतो. तुही गोष्ट नाई, फक्त माही चूक. तू हो म्हनशील तरच."

"अन् लोक काय म्हनतीन? तुह्या शालीचं काय?"

"शाल उन्हाळ्यात कोन पांघरते?"

प्रतीक्षाला हसू आले, ते तिने लपवले. मग म्हणाली, "सांग."

त्या रविवारी लहान मुलांना पुढे बसवायला मला चर्चमध्ये नेले होते, म्हणून मला ऐकायला मिळाले. सत्यवतीबाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "मी आदर्श नाही. माझ्या मुलीने विश्वासाने सांगितलेले मी चारचौघांत बोलले. देवाने मला क्षमा केली आहे. मुलीने करावी यासाठी मी घाई करणार नाही. आयांनो, लेकरांचे मन देवापाशी न्या, पण दार लावून न्या." शाल त्यांनी घेतली नाही. उपासनेनंतर जाईबाई प्रतीक्षाजवळ आल्या, तोंड उघडले, मिटले, आणि हातात एक पेढा ठेवून निघून गेल्या. जाईबाईंसाठी हे फार मोठे काम होते!

सगळे एका दिवसात जुळले असे नाही. त्या संध्याकाळी प्रतीक्षा माझ्यावर बसली नाही. शेजारी फरशीवर बसली, पायाचा अंगठा तेवढा माझ्या दशांवर. नंतर प्रत्येक सुट्टीत ती थोडी थोडी आत सरकली. आईने तिला एकदाही ओढले नाही, काही विचारले नाही. नुसती आमेननंतर बसून राहिली. मित्रांनो, मला विचाराल तर सत्यवतीबाई खऱ्या अर्थाने उत्तम आई झाल्या त्या या बसून राहण्यात.

आता प्रतीक्षालाही लेक आहे, साधना. परवा ती तिला घेऊन माहेरी आली. साधना माझ्यावर पालथी पडली आणि तिने मला लाळेने भिजवले, म्हणून तर आज मी उन्हात आहे. तेव्हा माझ्यासारख्या जुन्यांना कपाटामागे टाकू नका. झटका, ऊन दाखवा, फाटले तर टाका घाला. देवाने मला गालिचा न करता सतरंजी केले, याचे मी रोज उपकार मानते. गालिच्यावर कोण इतके गुडघे टेकते?

आणि हो, परवा आमेन झाल्यावर देवीदास मला गुंडाळायला वाकले. या वेळी प्रतीक्षाच म्हणाली, "बाबा, राहू द्या थोडा वेळ." तिने आईच्या मांडीवर डोके ठेवले आणि कितीतरी वर्षांनी एक गोष्ट सांगितली, मनातली, पार तळातली.

काय सांगितले? छे, मित्रांनो. ते तिने तिच्या आईला सांगितले आहे.