सिनेमात न आलेली सकाळ

मित्रांनो, मी न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची आहे आणि वयाने तुमच्या आजोबांच्याही पुढे आहे. शिकागोच्या एका कारखान्यात माझे ओतीव लोखंडाचे पाय घडले. त्यावर पांढरा मुलामा चढला, गादीला लाल चामडे लागले. तिथून आगगाडीने मी कॅलिफोर्नियातल्या एका बंदराच्या शहरात आले आणि मरिनर स्ट्रीटच्या चढावरच्या दुकानात कायमची रुजले.

माझा पहिला मालक अबोल होता. त्याच्या काळात खलाशी यायचे, दाढी करून घ्यायचे आणि माझ्या मांडीवर घोरायचे. तो थकला तेव्हा त्याने दुकान विकले, आणि माझ्या आयुष्यात वॉरन फुस्को आला.

वॉरन केस बरे कापी, पण बोले फार छान. बोलण्याच्या भरात त्याची कात्री हवेतच थांबे.

"अरे फुस्को, आधी माझं डोकं संपव, मग सरकार बदल!" गिऱ्हाईक ओरडे.

वॉरन हसे. माझ्या पाठीवर दोन्ही हात टेकून तो असा काही हसे की माझ्या स्प्रिंगासुद्धा हलत. मित्रांनो, ते हसणे मला अजून आठवते.

दुकानाच्या वरच्या खोल्यांत तो डेस्मंड टलीबरोबर राहत असे. डेस्मंड लोकांचे पियानो सुरात लावून देई. सगळे त्याला डेस म्हणत. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. नवरा-बायकोचा असतो तसाच त्यांचा संसार होता, आणि भांडणेही तशीच होती.

"पुन्हा कॉफीचा उष्टा मग पियानोवर?" जिन्यातून डेसचा आवाज येई. "एक घर सांभाळता येत नाही, आणि म्हणे शहर सांभाळणार!"

"मतदार घरी येऊन उष्टे मग मोजत नाहीत रे!" वॉरन खालून ओरडे.

त्या काळी एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषावर प्रेम करणे लोकांना खपत नसे. कळले की नोकरी जाई, भाड्याची खोलीही जाई. एकदा एक शाळामास्तर केस कापायला येऊन बसला. गळ्याभोवती कापड बांधून होताच तो रडू लागला. त्याचे गुपित फुटले होते आणि शाळेने त्याला काढून टाकले होते. वॉरनने कात्री खाली ठेवली. त्याचे बोलणे पूर्ण थांबले, असे मी तेव्हा प्रथमच पाहिले. पुढच्याच आठवड्यात दुकानाच्या काचेवर नगरसेवकपदासाठी त्याच्या उमेदवारीचा कागद लागला.

तो पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेला निवडून आला, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी त्याला माझ्यावर बसवून गरागरा फिरवले. "थांबवा, ओकेन मी!" असे तो ओरडत होता आणि डेस सर्वांत जोरात फिरवत होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता.

नगरसेवक झाल्यावर वॉरनने नियम करून घेतला, की कुणाचे कुणावर प्रेम आहे यावरून कुणालाही कामावरून काढता येणार नाही. मास्तर पुन्हा शाळेत गेला. पुष्कळांना आनंद झाला. काही जण मात्र चिडले.

आणि मग ती सोमवारची सकाळ आली. डेसचे केस कानांवर आले होते. "अख्ख्या शहराला तुझा वेळ मिळतो, मलाच तेवढा नाही," असे त्याचे कुरकुरणे कितीतरी दिवस चालू होते. शेवटी वॉरनने त्याला धरून माझ्यावर बसवले. खिडकीतून ऊन येत होते. डेस गुणगुणत होता. एक बाजू कापून झाली आणि नगरभवनातून फोन आला.

"उरलेलं संध्याकाळी," वॉरन म्हणाला. "पळून जाऊ नकोस."

"असा अर्ध्या डोक्याचा कुठे पळू?"

वॉरनने वाकून त्याच्या टाळूवर ओठ टेकले आणि तो गेला. नगरभवनाच्या पायऱ्यांवर त्या नियमाने चिडलेल्या एका माणसाने त्याला गोळ्या घातल्या.

डेस तसाच अर्ध्या केसांनी अंत्ययात्रेला गेला. लोकांना वाटले, दुःखाने त्याचे भान हरपले आहे. खरे कारण मला ठाऊक होते. दुसऱ्या कुणाची कात्री त्याला आपल्या डोक्याला लागू द्यायची नव्हती.

दुकान बंद झाले. माझ्यावर चादर पडली, चामड्याला भेगा गेल्या, मला वरखाली करणारा दांडा गंजला. डेस अधूनमधून येई, तेलाचे दोन थेंब सोडी आणि वर जाई. वर्षांमागून वर्षे अशीच गेली. आता मला कुणी ओळखणार नाही, असेच मी धरून चालले होते.

एके दिवशी चादर उचलली गेली. मारिएल नावाची दिग्दर्शिका वॉरनवर सिनेमा काढत होती. तिने कित्येक दुपारी डेसजवळ बसून सगळे ऐकून घेतले होते. तिने माझे चामडे बदलले, गंज घासला आणि मला चित्रीकरणाला नेले. हुबेहूब आमचे दुकान उभारलेले होते. वॉरन झालेला नट माझ्या पाठीवर हात टेकून हसला, तेव्हा कोपऱ्यात बसलेला म्हातारा डेस ताडकन उठून उभा राहिला. ते हसणे तसेच होते.

मग त्या शेवटच्या सकाळचे चित्रीकरण सुरू झाले. तरुण डेस झालेल्या नटाने कॉफीचा मग भिंतीवर फोडला. "एक तर मी, नाही तर ही वस्ती!" तो किंचाळला. वॉरन मागे न बघता निघून गेला.

"हे काय?" डेसने विचारले. "मी तुला खरं काय ते सांगितलं होतं ना, पोरी?"

मारिएल त्याच्याजवळ येऊन बसली. "सांगितलं होतंत. पण नुसते केस कापले आणि गेला, यानं पडद्यावर काही घडत नाही. सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे, डेस. आणि तुम्ही भांडत होतात, हेही तुम्हीच सांगितलंत."

"भांडत होतो! रोज भांडत होतो!" डेस म्हणाला. "मगावरून, बिलांवरून, त्याच्या सभांवरून. भांडण हवं होतं तर कुठलाही दिवस उचलायचा होतास. ती एकच सकाळ आम्ही भांडलो नाही. नेमकी तीच घेतलीस?"

मारिएलने मान खाली घातली. पण प्रसंग बदलला नाही.

पहिल्या खेळाच्या दिवशी मला थिएटरच्या दालनात, दिव्यांखाली मांडले होते. लोक माझ्यावर बसून फोटो काढत होते. खेळ संपल्यावर माणसे डोळे पुसत बाहेर आली. त्यांच्यामागून डेस आला आणि मटकन माझ्यावर बसला.

"कसा वाटला?" मारिएलने भीत भीत विचारले.

"चांगला झालाय," डेस म्हणाला. "रडलो मी. आज हजारो लोकांना त्याचं नाव कळलं, ते तुझ्यामुळे. पण ती सकाळ खोटी आहे, मारिएल."

"माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली.

जवळून जाणारी एक बाई थबकली. "मग काय झालं होतं त्या सकाळी?" तिने विचारले.

डेस सांगू लागला. हळूहळू लोक भोवती जमले. ऊन, गुणगुणणे, फोन, टाळूवर टेकलेले ओठ. मारिएल जमिनीवर बसून सगळ्यांबरोबर ऐकत होती. इतक्या वर्षांत डेस ती सकाळ इतक्या माणसांसमोर पहिल्यांदाच सांगत होता.

त्यानंतर मी वस्तीतल्या छोट्या संग्रहालयात आले. तिथे माझ्याभोवती दोरी लावणार होते. डेसने लावू दिली नाही. "खुर्ची आहे ती. बसू द्या लोकांना," तो म्हणाला. दर रविवारी तो माझ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सकाळ सांगे. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. आता ज्यांनी ऐकले ते सांगतात.

मित्रांनो, माझे चामडे पुसा, सांध्यांना तेल घाला, मला बरेच वाटेल. पण वस्तू जपणे सोपे असते. सिनेमा जरूर पाहा, मनसोक्त रडा. मात्र बाहेर आल्यावर एवढे विचारा, की हे ज्याच्यावर बेतले त्याचे जवळचे माणूस अजून कुणी हयात आहे का? असेल तर त्याला शोधा, बसवा, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका. बसवायला जागा नसेल, तर इथे घेऊन या. मी आहे.