प्रेतापाशी बसलेले

कागेनारी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रांताधिकाऱ्याचा कारकून अंगणात येऊन उभा राहिला. मागे दहा घोडेस्वार. जपानच्या हिताची प्रांतातली ही दलदल कागेनारीने वीस वर्षं खपून शेतीखाली आणली होती. मालक मेला म्हणजे जमीन सरकारची, असं कारकुनाचं म्हणणं.

"बाबांनी ती माझ्या नावे केलीय," त्याची मुलगी सुए म्हणाली. "कागद आत आहे, त्यांच्या उशाशी. या, बसून वाचा."

कारकून हलला नाही. मयताच्या घरात जो बसतो त्याला तीस दिवस विटाळ. कचेरीत पाऊल टाकता येत नाही. उभ्याने बोललेलं चालतं.

"बाहेर आणू?"

"नको, नको! प्रेताच्या उशाचा कागद हातात कसा धरू?" त्याने स्वारांकडे पाहिलं. "कागद दिसला नाही, म्हणजे नाही. हद्दीच्या खुंट्या ठोका रे."

स्वारांचा म्होरक्या नदीपलीकडचा, नाव मोरिताने. कागेनारीबरोबर उत्तरेत लढलेला, पण पाटाच्या पाण्यावरून तीन वर्षं अबोला. तो घोड्यावरून उतरला, धनुष्य खांबाला टेकवलं आणि सरळ आत जाऊन प्रेताशेजारी मांडी घालून बसला.

"आधी पळालास ना, लबाडा?" तो कागेनारीला म्हणाला. "पोरी, खायला आहे काही?"

सुएने राळ्याची पेज वाढली.

"अरे, बसलास की काय!" कारकून ओरडला.

"बसलो, साहेब. आता महिनाभर तुमच्याबरोबर कसा फिरू?"

बाकीचेही एकेक करून उतरले, आत आले.

"तुम्हा लोकांना कसली किळसच नाही!"

"नाही ना. म्हणून तर आम्हाला बरोबर आणता."

कारकून खुंट्यांची मोळी तिथेच टाकून एकटाच निघाला.

सुएने कागद वाचून दाखवला. मोरितानेला वाचता येत नव्हतं. बाबांचं अक्षर एका जागी हललं होतं. तिथे बोट ठेवून ती पुढे वाचत गेली.

"महिन्याने तो परत येईल, काका."

"येऊ दे. बरोबर कुणाला आणेल?" त्याने वाडगा पुढे केला. "जमीन तुझीच. पण वसंतात लढाईला तुमच्या घरचे आठही घोडे माझ्यामागे. आणि पाट माझा."

सुएने बाबांकडे पाहिलं. पाटासाठी ते तीन वर्षं भांडले होते.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याला पेज वाढली.