घेवरची ओळखीची जागा

मित्रांनो, जयपूरच्या विद्याधर नगरात दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत अंथरलेले जुने गोणपाट म्हणजे मी. एका जागी पडून राहणे माझ्या स्वभावात नाही. दर तीन वर्षांनी ट्रकमध्ये चढायचे आणि नव्या गावात उतरायचे, असे माझे आयुष्य गेले. आजही खाली एखादा ट्रक थांबला की मला चैन पडत नाही.

तागाच्या गिरणीत माझा जन्म झाला. माझे मालक निनादराव बँकेत आहेत. त्यांची पहिली बदली झाली तेव्हा त्यांनी मला अकोल्याच्या बाजारातून आणले आणि लोखंडी कपाटाभोवती दाभणाने शिवले. त्यांच्या पत्नीने, कौमुदीताईंनी, माझ्या अंगावर काळ्या रंगाने लिहिले, ‘कपाट. सांभाळून.’ तीन बदल्यांत मी त्या कपाटावर ओरखडा येऊ दिला नाही. कौमुदीताई शेजारणींना कौतुकाने हे सांगत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे. जयपूरला येताना मात्र पुठ्ठ्याची खोकी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. बदलीवाल्या घरात सहसा काही फेकत नाहीत, म्हणून मी वाचले.

मला खाली काढले ते घेवरसाठी. घेवर म्हणजे कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिवळट पिल्लू, इथल्या घेवर नावाच्या पिवळ्या मिठाईवरून त्याचे नाव पडले. निनादरावांच्या राजा पार्कमधल्या शाखेचे गार्ड सुखदेवजी यांनी ते त्यांच्या चौथीतल्या मुलीला, ऋचाला, दिले होते. शाखेमागच्या रस्त्यावर त्याची दोन भावंडे गाडीखाली गेली होती. “पंधरा दिवसांत बाल्कनीत जायला शिकला पाहिजे,” कौमुदीताईंनी बजावले, “नाहीतर जिथून आणला तिथे परत.”

आणि त्या शिकवणीसाठी मला अंथरले. खरे सांगते, मला फार राग आला. कपाट सांभाळणाऱ्या मला हे काम?

पहिल्या दिवशी घेवर आला, मला हुंगले, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्या कोपऱ्यावर मोकळा झाला. ऋचाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सकाळी कौमुदीताईंनी मला दोन बोटांनी उचलले, बादलीत बुडवले, फिनाईल ओतून ब्रशने घासले आणि उन्हात वाळवले. मी पुन्हा अंथरले गेले, तेव्हा घेवरने मला हुंगले आणि तो शिंकला. घरभर नाक जमिनीला लावून फिरला, दाराशी गेला, परत आला, आणि शेवटी हॉलमधल्या देव्हाऱ्याखाली बसला.

मग रोज हेच. तो चुकला की फिनाईल वाढे, फिनाईल वाढले की तो आणखी चुके. त्याला हवी होती ती त्याचीच खूण, आणि ती रोज सकाळी बादलीत जात होती. मला हे कळत होते, पण सांगणार कसे? कौमुदीताईंचेही काही चुकत नव्हते. घरमालकीण खालीच राहते. वास खाली गेला तर ती घर सोडायला सांगेल, या धास्तीने त्या घासत होत्या. परक्या गावात भाड्याचे घर मिळवताना किती दारे ठोठावली, ते त्यांनाच ठाऊक.

चौदाव्या दिवशी निनादराव म्हणाले, “उद्या रविवार. सोडून येतो त्याला.” ऋचा जेवली नाही. घेवर तिच्या पायात घुटमळत होता. माझा एकही धागा त्या रात्री स्वस्थ नव्हता.

रविवारी सकाळी नळाला पाणी आले नाही. कॉलनीतला पाईप फुटला होता. जेमतेम दोन बादल्या शिल्लक होत्या, त्या स्वयंपाकाला. आदल्या दिवशी घेवरने मला घाईत थोडे भिजवले होते, आणि मी तसेच राहिले, न धुतलेले.

निनादराव बूट घालून दाराशी उभे होते. घेवर हॉलमध्ये कासावीस होऊन फिरू लागला. नाक खाली, शेपूट ताठ. देव्हाऱ्यापाशी थबकला, पुढे आला, उंबरा ओलांडला आणि थेट माझ्या कोपऱ्यावर येऊन बसला.

कौमुदीताईंचा हात सवयीने फिनाईलच्या बाटलीकडे गेला. ऋचाने तो धरला.

“आई, नको ना. तू रोज धुऊन राहिली, मतलब त्याला जागाच नाही सापडून राहिली.”

कौमुदीताईंनी हात मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, “अहो, बूट काढा. चूक माझी होती.”

त्यांनी कात्री आणली आणि माझा तो कोपरा कापून वेगळा केला. दुखले, पण सोसले. बाकीचे मी रोज धुतले जाऊ लागले, आणि तो तुकडा तसाच राहिला. पुढे घेवरला बाहेर जायची सवय लागावी म्हणून तो तुकडा जिन्यात सरकवला गेला, मग फाटकाशी, मग खालच्या कडुनिंबाखाली. आता घेवर धावत कडुनिंबाकडेच जातो आणि तुकड्याकडे वळूनही बघत नाही. थोडे वाईट वाटते, पण कपाट पोहोचल्यावरही मला असेच उसवून ठेवत असत.

मित्रांनो, कोणी नवे काही शिकत असेल, तर त्याच्या चुकांबरोबर त्याच्या खुणाही घाईने पुसून टाकू नका.

परवा पुन्हा बदलीचा कागद आला. कौमुदीताईंनी तो तुकडा उचलून एका डब्यात घट्ट बंद केला. नव्या गावात घेवरला जागा ओळखता आली पाहिजे ना. डब्यावर त्यांनी त्याच काळ्या रंगाने लिहिले, ‘घेवरचे. धुऊ नये.’