वेळापूरच्या हिंदुरावांची ऑर्डर

सोनमनं बनवलेली वेबसाईट तिच्या लॅपटॉपवर अगदी झकास चालायची. अडचण एवढीच होती, की उरलेल्या जगात ती चालत नव्हती.

साईट होती होटगीच्या बजाबाईंच्या बचत गटाची. गटातल्या बायका कडक भाकरी करायच्या, ज्वारीची आणि बाजरीची, पापडासारखी पातळ आणि महिना-दोन महिने आरामात टिकणारी. गिऱ्हाइकानं साईट उघडायची, कोणती भाकरी आणि किती ते टाकायचं, नाव-गाव लिहायचं आणि ‘ऑर्डर द्या’ दाबायचं. ऑर्डर बजाबाईंच्या मोबाईलवर टुणकन वाजणार, असा सगळा बेत होता. सोनम दाबायची तेव्हा ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ अशी हिरवी अक्षरं उमटायची. दुसऱ्या कुणी दाबलं, की पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागायचं आणि बिचारं फिरतच राहायचं. बजाबाईंच्या पुण्याच्या भाचीनं हौसेनं ऑर्डर द्यायला घेतली आणि चक्र फिरतंय तोवर चहा करून, पिऊन, कपबशी विसळून आली, तरी ते आपलं फिरतच होतं.

लग्न झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून सोनम सोलापूरला आली होती. नवरा बिरुदेव रेल्वेत होता. सात रस्ता चौकाजवळ कुमार नावाच्या जुन्या वर्गमित्राच्या ऑफिसात तिनं एक टेबल मिळवलं होतं आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम होतं. आजूबाजूच्या गावांतले आणखी दोन-तीन गट होटगीकडं डोळे लावून बसले होते. तिथं जमलं तर पुढं, नाहीतर राम राम, हे कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण सोनमला न सांगता कळत होतं.

त्यात केराबाई. गटातल्या सगळ्यांत जुन्या आणि साईटच्या पहिल्यापासून विरोधात. फोनवर माणूस बोलतो, त्याच्या आवाजावरून तो कसा आहे ते समजतं, या चक्राच्या आवाजावरून काय समजायचं, असा त्यांचा सवाल होता. शेवटी गटानं ठरवलं, अमावस्येपर्यंत वाट बघायची. तोवर एक जरी ऑर्डर आली तर साईट ठेवायची, नाहीतर बंद. बजाबाईंनी हे सोनमला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता, कारण साईटचा हट्ट त्यांनीच धरला होता.

सोनमनं सगळे उपाय करून बघितले. आधी होटगीच्या रेंजला दोष दिला, मग बायकांच्या मोबाईलना, मग ज्या कंपनीकडं साईट ठेवली होती तिला. सगळे निर्दोष सुटले. मग एका दुपारी तिनं कुमारच्या कॉम्प्युटरवर साईट उघडली आणि चक्र फिरू लागल्यावर, पानाच्या मागच्या बाजूला ब्राउझर ज्या कुरकुरी लिहून ठेवतो त्या शांतपणे वाचल्या. पान ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रामला हाका मारत होतं, आणि त्याचा पत्ता म्हणून तिनंच पहिल्या दिवशी सोयीसाठी लिहून ठेवलं होतं, ‘याच मशीनवर’. सोनमच्या लॅपटॉपवर तो प्रोग्राम होताच, म्हणून हाकेला ओ मिळायची. पुण्याच्या भाचीचा मोबाईल मात्र तो प्रोग्राम स्वतःच्याच पोटात शोधत बसायचा. तिथं तो कुठून असणार?

कुमार हसून हसून बेजार झाला. सोनमनं कपाळावर हात मारला, ‘याच मशीनवर’ खोडून खऱ्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि साईट नव्यानं वर चढवली. मग नेहमीच्या सवयीनं, आपल्या लॅपटॉपवरून, तिनं एक खोटी ऑर्डर टाकून बघितली.

या खोट्या ऑर्डरींचीही एक गंमत होती. सुरुवातीला ती ‘एबीसी’ नावानं ऑर्डर टाकायची. पण एकदा ते बजाबाईंनी तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलं आणि त्यांना काही पटलं नाही. ना नाव, ना आडनाव, ना गाव, असलं गिऱ्हाईक आपल्या दुकानात कशाला, असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून सोनमनं एक रीतसर गिऱ्हाईक तयार केलं होतं, वेळापूरचे हिंदुराव. हिंदुरावांनी आजवर काय काय केलं नव्हतं? कधी शून्य भाकऱ्या मागवल्या, कधी उणे पाच मागवल्या, कधी पत्त्याच्या जागी नुसती टिंबं दिली. त्यांचा मोबाईल नंबर म्हणून ती नवाचं बटण दाबून धरायची. आज तिला मोठा आकडा आणि लांब मजकूर तपासायचा होता. म्हणून तिनं पाचशे भाकऱ्या लिहिल्या आणि सूचनेच्या रकान्यात ऐसपैस टाकलं, की मुलगी राजनंदिनी हिचं लग्न आहे, पाव्हणे लांबचे आहेत, भाकरी नीट भाजलेली असावी, परवा दुपारपर्यंत पोच करावी. हिरवी अक्षरं आली. सोनमनं ‘दुरुस्त झालं मावशी, आता ऑर्डरी येतील’ असा बजाबाईंना निरोप धाडला आणि खुशीत घरी गेली.

आता एवढ्या हुशार मुलीच्या ध्यानात एक गोष्ट कशी आली नाही, हे तिलाही नंतर उमगेना. पत्ता एकच होता. तो बदलल्यावर नुसतं जग खऱ्या दुकानाशी जोडलं गेलं नव्हतं, तिचा स्वतःचा लॅपटॉपही जोडला गेला होता. आजवर हिंदुराव तिच्या टेबलाबाहेर कधी पडले नव्हते. त्या संध्याकाळी ते पडले, आणि थेट होटगीला जाऊन पोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बजाबाईंचा फोन आला. मागं बायकांचा कालवा चालला होता आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. कालच सांगणार होतो, पण हाताचं पीठ सुटेना, अशी त्यांनी सुरुवात केली. पहिली ऑर्डर आली होती, आणि तीही केवढी. लग्नाची. वेळापूरची. सोनमच्या हातातला चहा तिथंच राहिला.

“नंबर बघितलास का त्यांचा?” बजाबाई कौतुकानं म्हणाल्या. “सगळं नऊच नऊ. असला नंबर साध्यासुध्या माणसाला मिळतोय व्हय? केराबाईनं दोनदा लावला, तर बंद लागतोय. म्हनली, मोठा मानूस हाय, त्यात पोरीचं लगीन, कुटं फोन उचलत बसंल?”

म्हणजे नंबर लागला नाही म्हणून केराबाईंचा संशय वाढण्याऐवजी पार फिटला होता. बजाबाई सांगत होत्या, की केराबाई पहाटेपासून चुलीपुढून हललेल्या नाहीत आणि जरा डाग पडलेली भाकरी बाजूला काढतायत. चारशे झाल्या होत्या. उद्या सकाळी दिरांच्या, शिवानंदच्या टेंपोतून माल निघणार होता आणि गाडी निघताना सोनमनं हजर राहिलंच पाहिजे होतं. सोनमनं सांगायला तोंड उघडलं, पण पलीकडं सगळ्याजणी एकदम कशावर तरी हसल्या. “येते मावशी,” एवढंच ती बोलली. फोन ठेवला तेव्हा तिला रडू येत होतं.

कुमारनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात रडण्यासारखं काही नाही. हिंदुरावांना आपणच जन्माला घातलंय, तर ऑर्डरही त्यांच्याकडूनच रद्द करून घेऊ. काही कारणानं लग्न पुढं गेलं, क्षमस्व, असा निरोप साईटवरून धाडायचा. भाकरी टिकाऊ आहे, ती खपेल. ऑर्डर आली हे गटानं डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं अमावस्येचं संकटही टळलं. कुणाला काही कळणार नाही.

खरं सांगायचं तर सोनमला ते पटलं. तिनं लिहायलाही घेतलं. ‘घरगुती अडचणीमुळे चि. सौ. कां. राजनंदिनीचे लग्न’ इथवर आली आणि अडली. पुढं ढकललं म्हणावं, तर नवी तारीख कोणती? मोडलं म्हणावं, तर कुणी मोडलं? बजाबाई विचारल्याशिवाय राहणार नव्हत्या. काल झाली ती चूक होती, आणि ती कबूल करायला तिची ना नव्हती. हे मात्र चुकून होणार नव्हतं, हे तिचं तिला करावं लागणार होतं. तिनं लिहिलेलं पुसलं आणि कुमारला म्हणाली, उद्या सकाळी होटगीला जाते.

ती पोचली तेव्हा बजाबाईंच्या दारात टेंपो उभा होता. खोकी भरून झाली होती, वर ताडपत्री ओढलेली होती, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. गटातल्या बायका चांगल्या साड्या नेसून उभ्या होत्या. पुढच्या सीटवर केराबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक ताट होतं. ताटात हळद-कुंकू, हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पहिल्या गिऱ्हाइकाच्या घरचं कार्य, पोरीची ओटी नको का भरायला, म्हणून खण त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढला होता आणि पोच करायलाही त्या स्वतःच निघाल्या होत्या. सोनमला ते ताट बघवेना.

“मावशी, गाडी सोडू नका,” ती म्हणाली. “हिंदुराव न्हाईत.”

बजाबाईंनी तोंडाला पदर लावला. “आगं बया. कदी गेले? लग्नाच्या तोंडावर?”

“गेले न्हाईत ओ. ते कदी नव्हतेच. मीच बनवलेत ते.”

मग तिनं सगळं सांगितलं. पत्ता कसा चुकला, तो कसा बदलला, बदलून खोटी ऑर्डर कशी टाकली आणि ती खरी कशी झाली. शिवानंदनं टेंपो बंद केला. एक बाई ओट्यावर जाऊन बसली. बजाबाई नुसत्या जमिनीकडं बघत होत्या आणि सोनमला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केराबाई ताट सांभाळत सावकाश खाली उतरल्या. “म्हंजी राजनंदिनी पन न्हाय?”

“न्हाय.”

“रातभर आमी तिची सासू कशी आसंल त्यावर बोललो. ही म्हनली खाष्ट आसंल, मी म्हनलं गरीब आसंल.” त्यांनी ताटातला खण नीट केला. “चांगलं जमलेलं लगीन मोडलंस की गं पोरीचं.”

आधी ओट्यावर बसलेली बाई फिसकन हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग बजाबाईंनाही आवरेना. केराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना अजून विचारायचं होतं.

“मला एक सांग. हिंदुरावाच्या नावानंच ऑर्डर मोडली आसतीस, तर आमाला काय कळनार व्हतं?”

“काय बी कळलं नसतं.”

“मग?”

“लिवायला घेतलं व्हतं,” सोनम म्हणाली. “पन तुमी इचारलं आसतं, लगीन का मोडलं. मग मला त्ये बी बनवाया लागलं आसतं. मग नवरदेव, मग त्याचा बाप. कुटं थांबायचं?”

केराबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं, फोनवरच्या गिऱ्हाइकाचा आवाज पारखताना बघत असतील तसं. मग त्या बजाबाईंकडं वळल्या आणि साईट राहू दे म्हणाल्या. पाचशेची ऑर्डर एका आकड्याचा फरक न पडता घरात आली, पाहुणे लांबचे आहेत हेसुद्धा आलं, याहून जास्त फोन तरी काय करतो? आणि चालवणारी पोरगी तोंडावर खरं सांगते, मग बंद कशाला करायची? अमावस्येचा विषय तिथंच संपला. बजाबाईंनी डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडायला सुरुवात केली. भाकरी काय दूध नव्हे नासायला. टेंपो भरलेलाच आहे, तर वेळापूर राहू दे, सोलापूरला चला, दिवसभर गल्लोगल्ली फिरवून विकू, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला साईट कशी उघडायची ते सोनमनं दाखवायचं. शिवानंदला कुठंही गेलं तरी चालणार होतं. त्यानं गाडी सुरू केली.

सोनम मागं चढायला निघाली, तर केराबाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं.

“हितं ये. भरलेलं ताट माघारी घरात न्हेत न्हाईत. वढनी फुडं कर.”

सोनमनं ओढणी पुढं केली. केराबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ एकेक करून तिच्या ओटीत घातले, अगदी सावकाश. सोनमला वर बघण्याचा धीर होईना. बाकीच्याजणी टेंपोच्या मागं दाटीवाटीनं बसून तिची वाट बघत होत्या.

“आनि आता ध्यानात ठेव,” शेवटची तांदळाची मूठ घालता घालता केराबाई म्हणाल्या. “फुडल्या येळंला तपासायचं झालं, तर म्हातारा घाल, मेव्हना घाल, कोन बी घाल. पोरगी घालू नगंस. आमचा जीव गुतून बसतो.”